या चुका टाळा: जर्सीवर आणि पाटीवर स्लॅब सेरिफ बसवताना

लालबागच्या एका मंडळाच्या कबड्डी संघाचे बारा टी-शर्ट मी करून दिले होते. गडद निळं कापड, पांढरे इंग्रजी आकडे, भोवती जाड पिवळी कडा. दुकानातल्या टेबलावर ते इतके देखणे दिसत होते की मी फोटो काढून ठेवले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मैदानावर दिवे लागले, सामना सुरू झाला आणि पाचव्या मिनिटाला गोंधळ झाला. बाद झाला होता तीन नंबर, गुणलेखकानं लिहिला आठ नंबर. कबड्डीत कोण बाद झाला आणि कोण आधी आत यायचा हे सगळं नंबरावर चालतं. पंचांनी खेळ थांबवला, दोन्ही कर्णधार टेबलापाशी आले. मी प्रेक्षकांत उभा होतो. तिथून मलाही तो आकडा आठच दिसत होता, आणि तो मीच छापला होता.

रात्री दुकानात येऊन फाइल उघडली. छातीवरचा आकडा ४ इंच उंच होता. त्या स्लॅब सेरिफ फॉन्टमध्ये, म्हणजे जाड चौकोनी पट्ट्यांच्या अक्षरांत, इंग्रजी तीनच्या डाव्या बाजूला जी दोन तोंडं उघडी असतात, ती या मापाला जेमतेम ५ मिलिमीटर होती. मी ४ मिलिमीटरची आउटलाइन दिली होती. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये आउटलाइन अक्षराच्या कडेवर मधोमध बसते, निम्मी बाहेर आणि निम्मी आत. म्हणजे वरून २ मिलिमीटर, खालून २ मिलिमीटर खाल्ले गेले आणि तोंड उरलं १ मिलिमीटर. पंधरा पावलांवरून १ मिलिमीटर कुणाला दिसणार?

तेव्हापासून हा फॉन्ट वापरायला बसलो की मी आधी अक्षराच्या आतली रिकामी जागा बघतो. स्लॅब सेरिफच्या ज्या ज्या चुका मी केल्या, किंवा दुसऱ्यांच्या कामात दुरुस्त केल्या, त्या जवळजवळ सगळ्या त्या रिकाम्या जागेवर येऊन थांबतात. कुणी ती आउटलाइननं भरतं, कुणी अक्षर ताणून, कुणी सावली देऊन, कुणी चुकीचं कापड निवडून.

आधी ओळख

स्लॅब सेरिफ म्हणजे ज्या रोमन, म्हणजे इंग्रजी लिपीच्या, अक्षरांच्या दांड्यांना वर-खाली जाड, चौकोनी पट्ट्या असतात ती. साध्या पुस्तकी टाइपात या पट्ट्या बारीक होत जातात, इथं त्या दांड्याइतक्याच किंवा जवळपास तितक्याच जाड राहतात. ठोकळ्यावर उभं राहिल्यासारखं अक्षर. त्यामुळे त्याला दम येतो, मजबुती दिसते, आणि म्हणूनच जिम, आखाडा, क्रिकेट क्लब, गॅरेज, हार्डवेअरचं दुकान, जुन्या गिरणीच्या आवारात उघडलेलं कॅफे, सगळ्यांना तेच हवं असतं.

हा टाइप जन्मला जाहिरातीसाठी. लंडनच्या व्हिन्सेंट फिगिन्सनं १८१५ च्या सुमारास तो 'अँटिक' नावानं नमुन्यात दाखवला. पुढे त्याला 'इजिप्शियन' म्हणू लागले. इजिप्तच्या लिपीशी त्याचा काही संबंध नव्हता, त्या काळात तिकडे इजिप्तची हवा होती एवढंच. १८२७ साली न्यूयॉर्कमध्ये डेरियस वेल्सनं लाकडी टाइप यंत्रावर कोरायला सुरुवात केली आणि हातभर उंचीची अक्षरं स्वस्तात मिळू लागली. शिशाचं एवढं मोठं अक्षर ओतणं महागही पडायचं आणि उचलणंही कठीण. भिंतीवरची पोस्टरं, सर्कस, लिलाव, रेल्वेची वेळापत्रकं या सगळ्यांवर मग हाच ठोकळा आला.

निवड करताना यातले तीन वळणांचे टाइप वेगळे ओळखता आले पाहिजेत. पहिलं क्लॅरेंडनचं वळण. लंडनच्या फॅन स्ट्रीट फाउंड्रीत रॉबर्ट बेस्लीच्या काळात, १८४५ साली हा टाइप आला. यात दांडा आणि पट्टी जिथं मिळतात तिथं छोटी गोलाई असते, त्यामुळे अक्षर जाड असूनही मऊ वाटतं. दुसरं भौमितिक वळण: १९२९ चा मेम्फिस, १९३४ चा मोनोटाइप कंपनीचा रॉकवेल. गोल ते अगदी गोल, कोपरे काटकोनात, कारखान्यात बनवल्यासारखे. तिसरं खास जर्सीचं वळण, ज्यात गोलाई नसतेच, सगळे कोपरे तिरके छाटलेले. अमेरिकेतल्या कॉलेजांच्या संघांची अक्षरं जाड फेल्टमधून कापून शिवली जायची. कात्रीनं वळण काढण्यापेक्षा सरळ काप सोपा, म्हणून ओ सुद्धा अष्टकोनी. गुगल फॉन्ट्सवरचा 'ग्रॅज्युएट' याच वळणाचा आहे. तिथलाच 'अल्फा स्लॅब वन' मात्र जुन्या लाकडी पोस्टरच्या जातीचा, भरभक्कम.

हे तिन्ही एकाच जर्सीवर आले की काम बिघडतं. छातीवर क्लॅरेंडनच्या वळणाचं नाव आणि पाठीवर अष्टकोनी आकडा असं माझ्याकडे नेहमी येतं. दोघांचे कोपरे वेगळं बोलतात. एक वळण धरा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा.

आउटलाइन आत शिरू देऊ नका

वरची चूक दुरुस्त करायला दोन मिनिटं लागतात. कोरलमध्ये आउटलाइनच्या खिडकीत 'बिहाइंड फिल' नावाचा पर्याय आहे. तो निवडला की आउटलाइन अक्षराच्या मागे जाते आणि आतला आकार शाबूत राहतो. दिसणारी जाडी मात्र निम्मी होते, म्हणून २ मिलिमीटरची कडा हवी असेल तर आउटलाइन ४ मिलिमीटरची द्या. त्यातही एक खोच आहे: बाहेरची कडा तोंडाच्या आणि पोकळीच्या बाजूनंही पसरते. पांढरा आकडा पूर्ण दिसेल, पण तोंडात निळ्याऐवजी पिवळं भरलेलं असेल. पांढऱ्या-पिवळ्यात फरक कमी, म्हणून लांबून पुन्हा तेच.

म्हणून मी कडेचा रंग आकड्यापासून लांबचा घेतो. निळ्या कापडावर पांढरा आकडा आणि कडा काळी किंवा लाल. आणि कडा कधीही तोंडाच्या रुंदीच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जाड ठेवत नाही. ५ मिलिमीटरचं तोंड असेल तर कडा सव्वा मिलिमीटरपर्यंत. गिऱ्हाईक म्हणतं, अजून जाड करा, उठून दिसू दे. तेव्हा मी त्याला दोन्ही प्रिंट काढून समोरच्या फुटपाथवर उभं करतो. तिथून परत येईपर्यंत त्याचं मत बदललेलं असतं.

कबड्डीच्या नियमात पुढे किमान ४ इंच आणि मागे किमान ६ इंच आकडा सांगितला आहे. किमान म्हणजे तेवढाच करायचा असं नाही. छातीवर जागा असेल तर ५ करा, तोंडं आपोआप मोठी होतात. मोठ्या मापाच्या टी-शर्टवर पाठीला ८ ते १० इंच सहज मावतात.

गोंधळ घालणाऱ्या इंग्रजी जोड्या पाठ करून ठेवा: तीन आणि आठ, सहा आणि आठ, शून्य आणि आठ, एक आणि सात. अष्टकोनी वळणात शून्य आणि आठ सगळ्यात वाईट. त्या फॉन्टच्या आठला कंबर असते, म्हणजे मधोमध बाजूनं खाच असते का, ते बघा. खाच नसेल तर तो फॉन्ट आकड्यांसाठी घेऊच नका. नावासाठी घ्या हवा तर.

ताणू नका

मुंबईतल्या डीटीपीच्या दुकानांत सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच. जागा रुंद आहे, नाव लहान आहे, म्हणून अक्षर बाजूच्या हँडलनं धरून ताणलं जातं. बाकीच्या फॉन्टांत ते थोडंफार खपून जातं. स्लॅबमध्ये लगेच कळतं, कारण त्याचा सगळा तोल उभ्या दांड्याची आणि आडव्या पट्टीची जाडी जवळपास सारखी असण्यावर आहे.

समजा दांडा १० मिलिमीटर आणि पट्टी ८ मिलिमीटर आहे. अक्षर आडवं दीडपट केलं. दांडा झाला १५, पट्टी राहिली ८. मजबूत ठोकळ्यावर उभं असलेलं अक्षर आता पातळ फळीवर उभं दिसतं. उलट, अरुंद जागेत कोंबायला आडवं दाबलं तर दांडे बारीक आणि पट्ट्या जाड, म्हणजे जुन्या गावठी सर्कसच्या पोस्टरसारखं. ते हवंच असेल तर त्याच वळणाचा वेगळा टाइप मिळतो, तो घ्या.

लहान नाव रुंद जागेत बसवायचं असेल तर अक्षरांमधलं अंतर वाढवा, किंवा दोन्ही बाजूंना रेघा, तारा, मंडळाचं स्थापना वर्ष टाका. लांब नाव अरुंद जागेत असेल तर कंडेन्स्ड आवृत्ती शोधा. ती नसेल तर दोन ओळी करा. खोटा ठळकपणा, म्हणजे मूळ फॉन्टमध्ये बोल्ड नसताना सॉफ्टवेअरच्या बी बटणानं आणलेला, हाही ताणण्याचाच भाऊ. अल्फा स्लॅब वनला एकच वजन, म्हणजे एकच जाडी, आहे आणि ते आधीच जाड आहे. त्यावर पुन्हा बी दाबलं की ए ची आतली पोकळी मुगाएवढी उरते.

अक्षरांमधलं अंतर

थोडक्यात सांगतो. स्लॅबच्या पट्ट्या बाजूला पसरलेल्या असतात, त्यामुळे शेजारची अक्षरं पायाशी एकमेकांना चिकटू पाहतात. पडद्यावर चिकटलेलं दिसत नाही, छापल्यावर शाई पसरून चिकटतं. अंतर पडद्यावर दिसतं त्यापेक्षा थोडं जास्त ठेवा. आणि अकरा नंबर हातानं बसवा. फॉन्टमधले आकडे बहुतेकदा सारख्या रुंदीच्या चौकटीत बसवलेले असतात, म्हणजे हिशेबाच्या रकान्यात ते एकाखाली एक येतात. जर्सीवर मात्र दोन एकांच्या मध्ये मोठी दरी पडते आणि शेजारी दहा नंबरचा टी-शर्ट टांगला की ती आणखी डोळ्यात भरते.

देवनागरीला पाय लावू नका

इथं मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण मुंबईत हे काम रोज येतं आणि रोज बिघडतं.

महाराष्ट्रात दुकानांच्या पाट्यांवर मराठी देवनागरी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर हा नियम लहान दुकानांनाही लागू झाला, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाट्या बदलायला दोन महिन्यांची मुदत दिली होती. त्या वेळी घाईघाईत शेकडो पाट्या झाल्या. इंग्रजी नाव भारदस्त स्लॅबमध्ये, आणि वर मराठी नाव संगणकात आयता असलेल्या कुठल्या तरी बारीक फॉन्टमध्ये, फक्त ताणून मोठं केलेलं. मापानं मराठी मोठी, नजरेला मात्र इंग्रजीच पुढे. आपल्या भाषेचं अक्षर उपरं दिसावं याचं मला मनापासून वाईट वाटतं. हे टाळणं अवघडही नाही.

पहिली अडचण मापाची. इंग्रजी कॅपिटल अक्षराची उंची १२ इंच असेल आणि मराठी शब्दाची एकूण उंची, म्हणजे वरच्या वेलांटीच्या टोकापासून खालच्या उकाराच्या टोकापर्यंत, १२ इंच धरली, तर शिरोरेषेपासून तळापर्यंतचं मूळ अक्षर आठेक इंचांचंच उरतं. ते लहानच दिसणार. मी शिरोरेषेपासून तळापर्यंतची उंची कॅपिटलच्या उंचीइतकी किंवा थोडी जास्त घेतो आणि मात्रा-उकारांसाठी वर-खाली वेगळी जागा सोडतो. पाटीची उंची ठरवण्याआधीच हा हिशेब करा, नाही तर पाटीची एसीपीची (अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची) शीट कापून झाल्यावर रफार कडेबाहेर जातो.

दुसरी अडचण जाडीची. देवनागरीत एका अक्षरात रेघा जास्त. 'क्ष', 'ज्ञ', 'श्री', 'ष्ट्र' यांत तर दाटीच. इंग्रजीच्या दांड्याइतकीच जाडी मराठीला दिली तर मराठी नाव काळंकुट्ट दिसतं आणि गाठी बुजतात. मराठीचा दांडा इंग्रजीपेक्षा किंचित बारीक ठेवला की दोन्ही नावं नजरेला सारख्या वजनाची वाटतात.

आणि तिसरी, पायांची. मराठी आणि इंग्रजी जुळावं म्हणून काहीजण देवनागरी अक्षरांच्या दांड्यांखाली चौकोन चिकटवतात. मीही एकदा हे केलं होतं. एका खेळाडूच्या नावात 'राजा' होतं. कान्याच्या खालच्या पट्टीचं डावं टोक र च्या पायाला जाऊन भिडलं आणि लांबून 'सजा' वाचलं जाऊ लागलं. त्याच्या आईनं टी-शर्ट हातात धरून मला विचारलं, "दादा, हे काय लिहिलंय?" मला उत्तर देता आलं नाही. टी-शर्ट परत घेतला आणि नवा करून दिला.

देवनागरीला पायांची गरज नाही. तिची आडवी ताकद वर आहे, शिरोरेषेत. रोमन स्लॅब जमिनीवर पाय रोवून उभं राहतं, आपलं अक्षर तुळईला टांगलेलं असतं. स्लॅबसोबत जोडी लावायची तर शिरोरेषा जाड आणि सपाट असलेलं, कोपरे ठाम असलेलं, जाडी फारशी कमी-जास्त न होणारं वळण शोधा. 'तेको' आणि 'खंड' हे देवनागरी फॉन्ट उंच, आटोपशीर आणि चौकोनी अंगाचे आहेत, अष्टकोनी जर्सीच्या वळणाला ते छान शोभतात. 'राजधानी' आणखी चौकोनी, पण अंगानं हलका. क्लॅरेंडनच्या मऊ वळणासोबत मुंबईच्याच 'एक टाइप' या संस्थेचा 'बलू' चालतो. त्यांच्याच 'अनेक'मध्ये रुंदी आणि जाडी दोन्ही हवी तेवढी कमी-जास्त करता येते, न ताणता. पाटी अरुंद असेल तेव्हा मी डोळे झाकून तोच घेतो.

जाड देवनागरीत 'ख' नीट तपासा. अंतर थोडं सैल झालं तर खेळाचं 'रवेळ' होतं. 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे आहेत ना तेही बघा. काही फॉन्टांत हिंदी वळण आधी येतं आणि सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवडली की आपलं वळण मिळतं.

आकडे मराठीत हवे असतील तर आनंदच आहे, पण तिथल्या जोड्या वेगळ्या: १ आणि ९ सर्वांत धोक्याची.

फाइल पाठवताना

श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर फॉन्ट नसताना उघडला की त्याची चिन्हांची भाजी होते, हे सगळ्यांना माहीत आहे. तरीही रात्री साडेअकराला व्हॉट्सअ‍ॅपवर तशी फाइल येतेच. छापायला देताना अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या नुसत्या आकारांत, बदला आणि न बदललेली एक प्रत स्वतःकडे ठेवा. कर्व्ह केल्यावर जोडाक्षरं एकदा मोठ्यानं वाचा. बदलताना एखादा रफार जागा सोडतो आणि 'कार्यकर्ते'चं 'कायकर्ते' होतं.

फॉन्ट फुकट उतरवला म्हणजे धंद्यात वापरायला मोकळा झाला असं नाही. अनेक जर्सीचे फॉन्ट फक्त खासगी वापरासाठी फुकट असतात. गुगल फॉन्ट्सवरचे वर सांगितलेले फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत, ते विकायच्या मालावर चालतात.

घासलेला, गंजलेला लूक

जुन्या गिरण्यांच्या आवारात उघडलेल्या दुकानांना हा लूक फार आवडतो. अक्षरावर ओरखडे, उडालेला रंग, डाग. माझे वडील गिरणीत फोल्डिंग खात्यात होते. कापडाच्या गाठींवर पत्र्याची स्टेन्सिल धरून काळ्या रंगाचा कुंचला फिरवायचे. तशी एक स्टेन्सिल अजून आमच्या घरी आहे. तिच्यात शून्याच्या पोकळीला वर-खाली पत्र्याचे दोन छोटे पूल ठेवलेले आहेत, नाही तर आतला तुकडा गळून पडला असता. ते पूल सारख्या रुंदीचे आहेत, मधोमध आहेत. कुणीतरी विचार करून, कानस घेऊन ते केलेले आहेत. छाप कधी पुसट यायचा तो रंग संपत आला म्हणून. मुद्दाम कुणी पुसट करत नसे, कारण चुकीच्या गाठीची जबाबदारी अंगावर यायची.

तेव्हा औद्योगिक भाव आणायचा असेल तर स्टेन्सिलचे पूल नीट आखा, आणि ओरखडे शक्यतो टाळा. पूल दांड्याच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे, सगळ्या अक्षरांत एकाच दिशेला. ओरखडे द्यायचेच असतील तर फक्त फ्लेक्स किंवा सब्लिमेशन (उष्णतेनं रंग धाग्यात उतरवणं) अशा छपाईत, आणि मोठ्या अक्षरावर. विनाइल, म्हणजे गरम प्रेसनं कापडाला चिकटणारी रंगीत शीट, कापणाऱ्या प्लॉटरवर ओरखड्यांची फाइल गेली की प्रत्येक डाग हा वेगळा तुकडा होतो. चिमट्यानं ते सोलत बसायला एका टी-शर्टला दोन तास लागतात आणि पहिल्याच धुण्यात बारीक तुकडे निघून येतात.

कमान

गोविंदा पथकांच्या टी-शर्टवर पाठीवर नाव कमानीत हवं असतं. अक्षरं गोल रेघेवर चढवली की प्रत्येक अक्षर वेगवेगळ्या कोनात कलतं, वर फाकतात आणि पायाशी पट्ट्या एकमेकींवर चढतात. स्लॅबला हे सहन होत नाही. त्याऐवजी एन्व्हलप वापरा, ज्यात दांडे उभेच राहतात आणि फक्त माथा आणि तळ वळतो. कमान फार खोल ठेवू नका. आणि देवनागरी नावाला कमान देताना शिरोरेषा तुटत नाही ना, जोडावर पायरी पडत नाही ना, हे मोठं करून बघा. मला विचाराल तर मराठी नाव सरळच ठेवा. थर लागताना पाठी वाकलेल्या असतात, कमान तशीही दिसत नाही. सरळ, जाड, मोठं नाव मात्र गच्चीवरून सुद्धा वाचता येतं.

कापड आणि प्रेस

एम्ब्रॉयडरीत १ मिलिमीटरपेक्षा लहान पोकळी धाग्यानं बुजते. खिशावरच्या छोट्या लोगोत स्लॅब हवं असेल तर हलक्या वजनाचं घ्या किंवा पोकळ्या हातानं मोठ्या करा.

जाळीदार पॉलिस्टरवर विनाइल लावताना बारीक कोपरे आधी सुटतात, आणि स्लॅबमध्ये तर कोपरेच कोपरे. पट्टीच्या टोकांना अर्धा मिलिमीटर गोलाई द्या. डोळ्याला कळत नाही, पण धुण्यात टिकतं. लाल किंवा मरून पॉलिस्टरवर पांढरा आकडा दोन दिवसांनी गुलाबी होतो ही तक्रार दर मोसमात येते. उष्णतेनं कापडातला रंग विनाइलमध्ये चढतो. त्यासाठी रंग अडवणारा थर असलेलं विनाइल मागा आणि प्रेसचं तापमान विनाइलवाल्यानं सांगितलंय त्याच्या वर नेऊ नका. घाई असली की हात तापमान वाढवायलाच जातो.

छापून झालंय, आता काय?

सब्लिमेशन असेल तर काही करता येत नाही, रंग धाग्यात गेलेला असतो. पाठीवर चौकोनी कापडी पट्टी शिवून त्यावर नवा आकडा लावणं हा एकच मार्ग. फ्लेक्सवर चूक एका अक्षराची असेल तर त्याच रंगाच्या विनाइलचा तुकडा कापून वरून चिकटवा. पूर्ण अक्षराएवढा कापा, अर्ध्या अक्षराचा जोड लगेच दिसतो.

विनाइलचा आकडा काढता येतो. टी-शर्ट आतून तापवा, गरम असतानाच कोपरा चिमट्यानं उचला आणि हळू, कापडाला लगटून ओढा. गोंदाचा पुसट डाग राहतो. नवा आकडा थोडा मोठा केला की तो झाकला जातो. त्या रात्री मी बाराच्या बारा छाती अशाच सोलल्या. कडा काढून टाकली, आकडे ५ इंचांचे केले, तीनच्या दोन्ही टोकांच्या पट्ट्या निम्म्यानं छाटल्या म्हणजे तोंडं उघडली. पहाटे चारला शेवटचा टी-शर्ट प्रेसखालून निघाला. ते सगळे मी दुकानाबाहेर दोरीवर टांगले आणि रस्त्याच्या पलीकडे, बंद असलेल्या चहाच्या टपरीपाशी जाऊन एकेक नंबर मोठ्यानं वाचला. कर्णधार साडेसहाला न्यायला आला तेव्हा मी त्यालाही तिथंच उभं केलं.